आजारी ट्रकच्या समाचाराला

सुट्टीत कुठे जाऊन आलीस, असं कुणी विचारलं तर मी ‘मामाकडे’ एवढंच सांगते आणि विषय बदलते. ऑफिसातल्या मुलींच्या फोनमध्ये हिमाचलचा बर्फ असतो, व्हिएतनामच्या होड्या असतात. माझ्या फोनमध्ये या प्रवासाचा एकच फोटो आहे आणि तो ट्रकच्या इंजिनातून निघालेल्या काळ्या गाळाचा आहे. तो पाहून एका मैत्रिणीने विचारलं, “हा कुठला केक?” तेव्हाच ठरवलं, की जे झालं ते एकदा नीट लिहून काढावं. मला बोलून सांगता येणार नाही.

झालं ते असं. मामाचा आईला फोन आला. “सईला चार दिवस धाडून दे. एक व्हिडिओ सापडलाय, डिझेल इंजनातला गाळ घरच्या घरी काढायचा. बोलणारा गोरा हाय. काय म्हणतोय ते समजून घ्यायचंय.”

आई म्हणाली, “मग पाठव की इकडे. ती फोनवर सांगेल.”

“फोनवर न्हाई जमायचं. इंजनापाशी बसून सांगावं लागंल. आन् सोमवारी कुरकुंभला एका कंपनीत गाडी दाखवायची हाय. तिथले साहेब लोक इंग्लिशमध्ये बोलले तर? आपल्यात इंग्लिश मिडियमची तेवढी एकच हाय.”

इंग्रजी शाळेत मी शिकले, हे खरं. पण त्या शाळेत मला बोलताना ऐकलेली माणसं फार नसतील. हे आईला माहीत होतं. तरीही तिने माझी पिशवी भरली.

शिरूर

शिरूरच्या एसटी स्टँडवर उतरले तेव्हा मामा घ्यायला आला नव्हता. तो रस्त्याच्या पलीकडच्या गॅरेजमध्ये होता आणि तिथूनच हात हलवत होता. त्याला ट्रकपासून लांब जाववत नव्हतं. डॉक्टर आत तपासत असताना नातेवाईक दाराबाहेर उभे राहतात, तसा तो उभा होता.

मेकॅनिकने इंजिनाचं झाकण काढून आत बोट घातलं आणि बाहेर काढून आम्हा दोघांना दाखवलं. बोटावर काळा, चकाकणारा, दाट लगदा होता.

“दादा, ह्याला ऑइल म्हणत न्हाईत,” तो म्हणाला. “हा शिरा झालाय. काजू घाला आन् वाढा.”

“सोमवारपर्यंत होईल का?”

“खोलावं लागंल. आठवडा धरा. माझ्याकडं आधीच तीन पेशंट खोलून पडल्यात.”

मामाने ट्रकच्या दारावर हात टेकला. मग आम्ही मार्केट यार्डाजवळ भेळ खाल्ली आणि भेळ खाता खाता त्याने मला सगळं सांगितलं. ट्रक जुना असला तरी स्वतःचा होता. आधी मामा दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होता. गुजरात, आंध्र, कुठे कुठे जायचा आणि महिन्यातून दोन-चार दिवस घरी असायचा. प्राजूताईच्या, म्हणजे त्याच्या मुलीच्या, लग्नातही हळदीच्या दिवशीच पोहोचला होता. आता कुरकुंभच्या त्या कंपनीला दौंड-कुरकुंभ अशी रिकामी पिंपं आणि खोकी वाहायला कायमची गाडी हवी होती. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. त्यासाठी सोमवारी गेटवर तपासणी होती. धूर काढणारी, तेल गळणारी गाडी ते आत घेत नाहीत.

“आन् न्हाई घेतली तर?” मी विचारलं. शिरूरला उतरून तास झाला नव्हता आणि मी ‘आन्’ म्हणायला लागले होते.

“तर चेन्नईची लाइन हाय. एका ट्रान्सपोर्टवाल्यानं विचारलंय. त्याच्या गाडीवर.” मामाने कागदात उरलेली शेव बोटाने गोळा केली. “तुझ्या मामीला अजून बोललो न्हाई.”

मामीला ते माहीत होतं, हे मला त्याच रात्री जेवताना कळलं. त्या घरात सगळ्यांना सगळं माहीत असतं. फक्त कुणी बोललेलं नसतं.

शिरूरहून मांडवगण फराट्यापर्यंतचा रस्ता उसातून जातो. दोन्ही बाजूंना ऊस इतका उंच, की बोगद्यातून चालल्यासारखं वाटतं. मामा म्हणाला, ऊस वाढला की बिबट्या मुक्कामाला येतो. त्यामुळे संध्याकाळी रानात जाणारी माणसं मोबाइलवर मोठ्याने गाणी लावतात. आमच्या ट्रकला गाण्याची गरज नव्हती. तो खोकत, ठसकत, मागे काळा धूर सोडत चालला होता. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला आणि जाताना त्याच्या ड्रायव्हरने मामाकडे फार दयेने पाहिलं.

मांडवगण फराटा

मामीने हुलग्याची शेंगोळी केली होती. पुण्यात हा पदार्थ मी कधी कुणाच्या घरी पाहिला नाही. पीठ हातावर वळून केलेली बोटाएवढी वेटोळी, लसणाच्या झणझणीत रश्शात शिजलेली. मी तिसऱ्यांदा वाढून घेतल्यावर मामीने “कमी खातीस” असं म्हटलं.

शनिवारी सकाळी अंगणात इंजिनापाशी सतरंजी टाकली. मामाने व्हिडिओ लावला. एक लाल टोपीवाला गोरा माणूस, त्याच्या घरामागचं अंगण, एक जुना ट्रक. मामाने तो इतक्या वेळा पाहिला होता की पुढे काय होणार हे त्याला पाठ होतं. फक्त का होणार ते माहीत नव्हतं.

“जुन्या ऑइलमध्ये थोडं डिझेल घालायचं म्हणतोय,” मी सांगितलं. “इंजिन चालू करून नुसतं हळू फिरू द्यायचं. रेस करायचं नाही. मग गरम असतानाच सगळं खाली काढायचं. म्हणजे गाळ सुटून येतो.”

“बरोबर. पुढं?”

“पुढे म्हणतोय, की तुम्हाला खात्री नसेल तर हे करू नका. सुटलेला गाळ अडकून इंजिन बसू शकतं.”

“ते त्याला म्हणावंच लागतं,” मामा म्हणाला. “बोलायची पद्धत असती.”

आम्ही तसंच केलं. मी ‘रेस नाही’ हे वाक्य इतक्यांदा म्हटलं, की माझा आवाज अंगणाबाहेर गेला असावा. खालचा बोल्ट काढला तेव्हा आधी पातळ काळं पाणी आलं आणि मग घमेल्यात थबक-थबक गोळे पडायला लागले. करपलेलं पिठलं खरवडून काढावं तसे. तोच माझा फोटो. पुन्हा एकदा डिझेलने धुतलं, फिल्टर बदलला, नवं ऑइल भरलं. सुरू केल्यावर ट्रक आधी दोनदा शिंकला आणि मग असा शांत चालायला लागला, की मामाने कान लावून खरंच चालू आहे का ते पाहिलं.

इथेच हा प्रवास संपला असता. पण मामाचा ट्रक आजारी आहे ही बातमी गावात शुक्रवारीच पोहोचली होती. तो बरा झाल्याची बातमी तितक्या वेगाने गेली नाही.

पुण्यात कुणी आजारी पडलं की आम्ही फोनवर ‘लवकर बरे व्हा’ लिहून पाठवतो आणि पुढे एक फूल जोडतो. तिथे माणसं येतात. रविवारी सकाळपासून अंगणात लोक येऊन बसायला लागले. ट्रकच्या समाचाराला. आधी चहा, मग “कवापासून हाय?”, मग “काय खाल्लं, आपलं, काय घातलं होतं?” आणि मग उपाय. नुसता तोंडी नाही. प्रत्येकाने बरोबर काहीतरी आणलं होतं.

मामाचे चुलते आबा सगळ्यांत आधी आले. आयुष्यभर त्यांनी गावातल्या बैलांना औषधं पाजली आहेत. त्यांच्या एका हातात एरंडेलाची बाटली होती आणि दुसऱ्या हातात, बैलाच्या घशात औषध ओततात ते बांबूचं नळकांडं.

“पोट साफ झालं पायजे,” आबा म्हणाले. “बैल काय, इंजन काय, पोट एकच.”

“आबा, कालच साफ केलंय,” मामा म्हणाला.

“डिझेलनं? डिझेल तर ते रोज पितंय! रोजच्या जेवणानं कुणाचं पोट साफ झालंय व्हय?”

या प्रश्नाला माझ्या शाळेने दिलेलं कुठलंच उत्तर नव्हतं.

“घालतो आबा, घालतो,” मामा म्हणाला आणि बाटली ठेवून घेतली. ही त्याची पद्धत. सगळ्यांना हो म्हणायचं आणि काहीच करायचं नाही. शेजारच्या फुलमळेवाल्या काकूंनी करंजाचं तेल आणलं, त्यांनाही “घालतो”. शाळेतून निवृत्त झालेल्या एका गुरुजींनी ताकाची लोटी आणली आणि आंबटपणाने मळ कसा सुटतो ते तांब्याच्या भांड्याचं उदाहरण देऊन समजावलं, त्यांनाही “घालतो गुरुजी”. माझ्या आईने पुण्याहून फोन करून लिंबू पिळायला सांगितलं. तिलाही तेच.

दुपारी मोटारसायकलवरून विहीणबाई आल्या. प्राजूताईच्या सासूबाई. मामी पदर सावरत दारापर्यंत गेली, मी उठून उभी राहिले आणि आबांनीसुद्धा पाय खाली घेतले. विहीणबाई आधी खुर्चीवर बसल्या नाहीत. सरळ ट्रकपाशी गेल्या आणि त्यांनी बॉनेटवर उलटा हात ठेवला.

“अंग गरम हाय,” त्या म्हणाल्या.

ट्रक सकाळपासून उन्हात उभा होता. आबांनी मान डोलावली.

“धाप लागती म्हणं? छाती भरली असंल. आमच्या नातवाची भरली हुती, तवा ह्यानंच उतार पडला.” त्यांनी पिशवीतून झाकण लावलेली स्टीलची वाटी काढली. तिळाच्या तेलात ओवा आणि लसणाच्या पाकळ्या तांबूस होईपर्यंत तळून ते तेल गाळून आणलं होतं. झाकण उघडताच अख्ख्या अंगणाला भूक लागली.

“घालतो,” मामा म्हणाला. पण या वेळी त्याने मामीकडे पाहिलं आणि मामीने वाटी दोन्ही हातांनी घेतली.

सोमवारी उजाडता उजाडता मला जाग आली ती बॉनेटच्या आवाजाने. मामा विहिरीकडे अंघोळीला गेला होता. मामी स्टुलावर उभी होती. आबांचं बांबूचं नळकांडं इंजिनाच्या तोंडात होतं. बाजूला सगळ्या बाटल्या आणि ती वाटी ओळीने मांडली होती. मला आधी वाटलं पूजा आहे.

“मामी, हे काय?”

“शू! कुणाचंबी मन मोडायला नको. एकेक चमचा घालती.” तिने एरंडेलाचा चमचा नळकांड्यात ओतला. “कुणाच्या हाताला गुण असतो ते काय सांगावं? आज पास न्हाई झाली आन् कुणी म्हणालं, आमचं तेवढं घातलं न्हाई, तर?”

“पण मामाने नवं ऑइल घातलंय. ते खराब होईल.”

“चमचाभरानं?” तिने करंजाचं तेल घातलं. “चेन्नई किती लांब हाय गं?”

मी सांगितलं. ती काही क्षण चमचा हातात धरून थांबली. मग ताकाची लोटी उचलली.

“ताक नको,” मी म्हणाले. माझ्या मानाने हे फार जोरात होतं. “पाणी असलेलं काहीच नको. खरंच मामी. त्याने गाडी बंद पडेल.”

तिने माझ्याकडे पाहिलं, लोटी खाली ठेवली. “बरं. ताक आपण पिऊ. गुरुजी काय बघायला येत न्हाईत.” मग तिने विहीणबाईंची वाटी उचलली आणि सगळीच्या सगळी नळकांड्यात रिकामी केली.

“मामी! चमचा!”

“येड्यासारखं काय बोलतीस,” मामी म्हणाली. “विहिणीचं चमचाभर घालत्यात व्हय?”

कुरकुंभ

मामी आमच्याबरोबर निघाली. ‘नुसतं गेट बघायला’ असं तिने सांगितलं. मांडीवर भाकरीचं गाठोडं, अंगावर लग्नकार्यातली साडी. भीमेचा पूल ओलांडला की दौंड तालुका लागतो. नदीत पाणी संथ होतं, काठावर पांढरे पक्षी रांगेने उभे होते आणि ट्रक खरोखर छान चालला होता. मामा शीळ घालत होता. मी मनात वाक्य घोकत होते: ‘गुड मॉर्निंग सर, वी हॅव कम फॉर द व्हेइकल इन्स्पेक्शन.’ मामी काचेतून बाहेर बघत होती. मध्येच तिने नाक वर करून वास घेतला आणि चटकन पदर नाकाला लावला. इंजिन तापलं होतं.

मला आधी वाटलं गाठोड्यातल्या ठेच्याचा वास आहे.

कुरकुंभला पोहोचताना हवा बदलते. औद्योगिक वसाहतीत प्रत्येक वळणावर वेगळा वास आहे. एका कोपऱ्यावर दवाखान्याचा, पुढे नेलपॉलिशचा, त्यापुढे कशाचाच नाही पण डोळ्यांत जातो असा. कामाची पाळी संपवून निघालेली माणसं टोप्या काखेत मारून शांतपणे चालली होती.

गेटवरचे तपासणारे साहेब माझ्याच वयाचे असतील. डोक्यावर पांढरं हेल्मेट, हातात वॉकीटॉकी. मी पुढे झाले, श्वास घेतला.

“या ताई, या. काका, गाडी पुढं घ्या जरा,” ते म्हणाले. मराठीत.

माझं वाक्य तसंच राहिलं.

त्यांनी टायर पाहिले, दिवे पाहिले. गाडी चालू करायला लावून मागे जाऊन धूर पाहिला. धूर जवळजवळ नव्हताच. “गाडी चांगली ठेवलीय काका,” ते म्हणाले आणि मामाच्या चेहऱ्यावर उजेड पडला. मग ते पुढे आले, बॉनेट उघडायला सांगितलं, वाकले, आणि वाकलेलेच थांबले. दोनदा हुंगलं. मग ताठ होऊन चार पावलं मागे आले. “गाडी बंद करा. सगळे मागे व्हा. मागे!”

हे मला नंतर समजलं, की काही विषारी वायूंना लसणासारखा वास असतो. अशा वसाहतीत लोकांना शिकवूनच ठेवतात, की लसणासारखा वास आला तर विचार करत उभं राहायचं नाही. साहेबांनी तसंच केलं. ते वॉकीटॉकीवर बोलायला लागले. एका रखवालदाराने गेट ओढून घेतलं, दुसरा तोंडाला मास्क बांधत पळत आला आणि कुणीतरी आमच्या ट्रकभोवती लाल-पांढरी पट्टी धरायला लागलं.

“काका, गाडीत आधी काय भरलं होतं? केमिकल? धान्यात टाकायची पावडर? खरं सांगा!”

“कांदा!” मामा म्हणाला. “कांदाच भरतो मी, देवाशप्पथ!”

“हा कांद्याचा वास नाही!”

मला सगळं माहीत होतं. मामाला काहीच माहीत नव्हतं. मी एक पाऊल पुढे टाकलं आणि घाबरले की माझ्या तोंडून इंग्रजीच निघतं, तसं निघालं.

“सर, इट्स गार्लिक.”

“एक्झॅक्टली!” साहेब ओरडले आणि वॉकीटॉकी तोंडाशी नेला. “कन्फर्म्ड! गार्लिक ओडर कन्फर्म्ड! ॲम्ब्युलन्स पाठवा!”

आयुष्यात पहिल्यांदा मी अनोळखी माणसांसमोर आपणहून तोंड उघडलं होतं, आणि त्याने ॲम्ब्युलन्स निघाली.

तेवढ्यात ट्रकचं डावीकडचं दार उघडलं. लग्नकार्यातली साडी एका हाताने वर धरून मामी पाठमोरी, एकेक पायरी चाचपत खाली उतरायला लागली. “बाई, लांब व्हा! गाडीपासून लांब!” असं चार जण ओरडत होते. ती सावकाश उतरली, पदर नीट केला आणि साहेबांसमोर येऊन उभी राहिली.

“साहेब,” ती म्हणाली, “लसणासारखा न्हाई. लसूणच हाय तो.”

पट्टी धरणाऱ्याच्या हातातून पट्टी सुटली.

“म्हणजे?” साहेब म्हणाले.

मग मामीने सांगितलं. आबांचं एरंडेल एक चमचा, काकूंचं करंजतेल एक चमचा, ताक घातलं नाही कारण भाचीने नको म्हटलं, आणि विहीणबाईंचं लसूण-ओव्याचं तेल, वाटीभर. मामा तिच्याकडे असा बघत होता, जणू तिने चेन्नईला जाऊन आल्याचं सांगितलं.

“वाटीभर?” साहेबांचा आवाज चिरकला. “इंजिनात? सगळं चमचा-चमचा आणि हे वाटीभर का?”

“विहिणीचं हाय ना.”

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. मास्कवाल्या वयस्कर रखवालदाराने मास्क खाली ओढला. “व्हय साहेब,” तो गंभीरपणे म्हणाला. “विहीण म्हंजी चमचाभर न्हाई चालत.”

“कशापायी केलं हे?” मामाने विचारलं. तो ओरडला नाही, तेच जास्त वाईट वाटलं.

मामी जमिनीकडे बघत म्हणाली, “गाडी पास व्हावी म्हणून.”

साहेबांचा राग आता दुसऱ्याच गोष्टीवर निघाला. ॲम्ब्युलन्स बोलावली होती, गेट बंद केलं होतं, वरपर्यंत कळलं होतं. आता वर काय कळवायचं? “विहीणबाईंची वाटी, असं लिहू?”

“आमची भाची लिहील,” मामा म्हणाला. एवढ्या गोंधळातही त्याने मला खांद्याला धरून पुढे केलं. “इंग्लिश मिडियमची हाय.”

लिहिणं मला जमतं. मी साहेबांच्या मोबाइलवर दोन ओळी लिहून दिल्या: ‘ओडर ऑफ एडिबल ओरिजिन, इंट्रोड्यूस्ड ड्युरिंग होम मेंटेनन्स. नो हझार्ड.’ म्हणजे वास खाण्याच्या वस्तूचा, घरच्या देखभालीत आत गेलेला, धोका नाही. साहेबांनी त्या ओळी दोनदा वाचल्या. त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला.

“एडिबल ओरिजिन,” ते पुटपुटले. “हे बरं आहे.” त्यांनी ते वर पाठवलं, मग मामाकडे वळले. “धूर ठीक आहे, गळती नाही. पण या वासाची गाडी मी आत घेऊ शकत नाही. गेट बंद व्हायच्या आत ऑइल बदलून या. वास नसेल तर बघू. आणि काका, आता कुणालाही हात लावू देऊ नका.”

दौंड

कुरकुंभ ते दौंड रस्ता थोडाच आहे, पण त्या दिवशी फार लांबला. केबिनमध्ये मी मधे, माझ्या एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला मामी, आणि समोरच्या झडपेतून गरम लसणाचा वास. मी रस्त्यावरच्या पाट्या वाचत बसले.

रेल्वेचं फाटक लागलं. एक लांबलचक मालगाडी चालली होती. डबे संपेचनात. शेवटी मामाच बोलला.

“आबांचं घातलं. फुलमळेवालीचं घातलं. विहिणीची वाटीच्या वाटी घातली.” तो समोरच बघत होता. “माझ्या बहिणीचं?”

“काय?” मामी म्हणाली.

“हिच्या आईनं फोन करून सांगितलं हुतं ना, लिंबू पिळा म्हणून? सगळ्यांचा मान ठेवलास आन् माझ्या बहिणीचा थेंबबी न्हाई!”

“त्यांनी लिंबू पाठवलं हुतं का? नुसतं तोंडी सांगितलं. तोंडी सांगितलेलं कसं घालू मी?”

“घरात लिंबं नव्हती?”

“घरातलं लिंबू घातलं तर ते आपलं झालं, त्यांचं कसं हुईल? काय गं सई?”

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी मालगाडीकडे बघितलं. देवकृपेने अजून बरेच डबे बाकी होते.

थोड्या वेळाने मामा म्हणाला, “येवढं वाटत हुतं तर मला बोलायचं.”

“काय बोलायचं?” मामीने गाठोड्याची गाठ उगाच सोडून परत बांधली. “घरी ऱ्हावा म्हणून? असं कुणी म्हणतंय व्हय आपल्यात?”

फाटक उघडलं. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले, तरी त्याने गिअर टाकायला वेळ लावला.

दौंड मला आवडलं. मोठ्या जंक्शनचं गाव असल्यामुळे तिथे सगळ्यांना कुठेतरी जायचं असतं आणि तुमच्याकडे बघायला कुणाला वेळ नसतो. माझ्यासारखीला असं गाव बरं वाटतं. स्टेशनजवळच्या गॅरेजवाल्याने मात्र वेळ काढला. ऑइल खाली सोडल्यावर त्याने वाकून वास घेतला, शेजारच्या पंक्चरवाल्याला बोलावलं, मग चहावाल्यालाही. “इंजिन चालवलंय का पाव्हण्यांना जेवू घातलंय?” तो म्हणाला. त्याने इंजिन धुऊन नवं ऑइल भरलं. तेवढ्या वेळात आम्ही सावलीत बसून भाकरी, ठेचा आणि गुरुजींचं ताक घेतलं. मामाने भाकरीचा पहिला तुकडा मोडून मामीपुढे ठेवला आणि लगेच कुठल्यातरी पान्याकडे बघायला लागला.

गेट बंद होण्याआधी आम्ही परत पोहोचलो. साहेबांनी बॉनेट उघडून नाक आत घातलं. मग शंका नको म्हणून मास्कवाल्या रखवालदारालाही हुंगायला लावलं. मामी केबिनमध्ये डोळे मिटून बसली होती. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की बांगड्यांचे वळ उठले.

“काही न्हाई साहेब,” रखवालदार म्हणाला. “नुसता ट्रकचा वास हाय.”

“उद्यापासून या,” साहेब म्हणाले.

परत मांडवगणला

मंगळवारी मामा सकाळी कामावर गेला. मी दुसऱ्या दिवशी निघणार होते. दिवसभर मामीने अंगण झाडलं, दारापुढे रांगोळी काढली, शेजारणींना गेटवरची सगळी हकीकत सांगितली. माझ्या दोन ओळींच्या तिने चांगल्या वीस केल्या होत्या. विहीणबाईंना फोन करून ‘तुमच्या तेलानं लई गुण आला’ असंही कळवलं आणि ते तिच्या मते खोटं नव्हतं.

दिवेलागणीला आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो. ती भाकऱ्या थापत होती, मी ताटं मांडत होते. शेवटची भाकरी शेकून झाली, तिने तवा उतरवून भिंतीला टेकवला, चुलीतली लाकडं मागे ओढली. तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला.

मामी टोपल्याकडे बघत राहिली. त्यात माझ्यापुरत्या आणि तिच्यापुरत्या भाकऱ्या होत्या. मी ताटंही दोनच मांडली होती.

“अगं बाई,” ती म्हणाली. “हे येणार हुते की.”

बाहेर ट्रक अंगणात शिरल्याचा, मग बंद झाल्याचा आवाज आला. मामी तोंडावर पदर घेऊन हसायला लागली. हसता हसता तिने डोळे पुसले, लाकडं पुढे सारली, तवा परत चढवला आणि पिठाच्या डब्यात हात घातला.

“आता रोजच जेवायला येणार म्हंजी हे,” ती कुरकुरत म्हणाली. “पीठ पुरायचं न्हाई.” आणि तिने परातीत इतकं पीठ काढलं, की त्यात तिघांच्या दोन दिवसांच्या भाकऱ्या झाल्या असत्या.